व्हा पुढे

"व्हा पुढे," न्यायालयाच्या दारातला पहारेकरी म्हणाला, आणि थॅडियस गेदर होता तिथेच थांबला. त्याचा पट्टा प्लास्टिकच्या तबकातून यंत्राच्या तोंडात गेला होता, त्यामागून बूट गेले होते, बायकोने, ओडेसाने, कधीकाळी दिलेले खिशातले घड्याळ गेले होते. एका हाताने विजार सावरीत, मोज्यांतल्या पायांनी तो त्या धातूच्या चौकटीसमोर उभा होता, आणि पुढे होण्याखेरीज त्याला तिथे दुसरे काहीच करायचे नव्हते. तरी पाऊल उचलेना. हेच दोन शब्द आज वरच्या मजल्यावर, शपथेवर, त्याला उलगडून सांगायचे होते. त्यांचा अर्थ एक लागला तर त्याचा मुलगा घरी येणार होता. दुसरा लागला तर त्याच्या उमेदीची उरलीसुरली वर्षे तुरुंगात जाणार होती. आणि इथे एक पोरसवदा शिपाई गम चघळीत तेच शब्द येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर टाकत होता, दाणे टाकावेत तसे.

"आजोबा, झोप लागली का? मागे रांग खोळंबलीय. व्हा पुढे."

चौकट ओलांडताच यंत्र किंचाळले. "खुब्यात लोखंड आहे," थॅडियस म्हणाला.

"सगळ्यांच्याच असतं. हात वर."

तो हात वर करून उभा राहिला. काळी दांडी त्याच्या काखांतून, बरगड्यांवरून, मांड्यांच्या आतून फिरली आणि डाव्या खुब्याशी येऊन पुन्हा ओरडली. परक्या हाताखाली देह असा निमूट ठेवण्याची सवय त्याला बाल्टिमोरच्या रस्त्यांनी मिसरूड फुटण्याआधीच लावली होती: भिंतीकडे तोंड, पाय फाकलेले, टोपी जमिनीवर. ओडेसाला ती सवय कधी लागली नाही. लग्नापूर्वी ती चर्चच्या तळघरात मतदार होऊ पाहणाऱ्या वृद्धांना राज्यघटना शिकवी, आणि त्यातले एक कलम तिने थॅडियसलाही शिकवले होते, उजव्या हाताच्या चार बोटांवर. देह, घर, कागद, चीजवस्तू. या चारांविषयी माणसाने निर्धास्त असावे हा त्याचा हक्क. सबळ कारणावाचून, न्यायाधीशाच्या सहीवाचून सत्तेने त्यांना हात लावू नये. ते वाक्य ती असे उच्चारी, की त्यातल्या एकेका शब्दाला स्नान घालून मगच तिने तो ओठांवर आणला आहे असे वाटे. थॅडियस तेव्हा हसे. देहाचे बोट तर त्याच्यापुरते पहिल्यापासूनच मिटलेले होते. पुढे माणसांचे कागद त्यांच्या फोनमध्ये गेले, फोन कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या कोठारात उघडे झाले, आणि ते बोट मिटले. चीजवस्तूंचे बोट केव्हा मिटले हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. रस्त्यात गाडी थांबवली की मागचे झाकण उघडून द्यायचे, एवढे अंगवळणी पडले होते. घराचे बोट तेवढे ताठ उरले होते. या मार्चपर्यंत.

वरच्या मजल्यावरच्या बाकावर एर्लीनबाई बसल्या होत्या. समोरच्या घरात राहणाऱ्या, ओडेसाच्या मैत्रीण, चर्चच्या गायनातला सर्वांत खालचा स्वर. मांडीवर कागदात गुंडाळलेला मक्याचा पाव होता आणि त्याला मधोमध भोक पडले होते.

"चिमटा खुपसून पाहिला त्यांनी, गेदरभाऊ," त्या म्हणाल्या. "पावात मी काय तोफ लपवणार होते?"

"बसा, एर्लीनबाई. मी बसतो इथं."

"एमरीला देऊ देतील का हा?"

"नाही देणार."

"मग तुम्हीच खा. भोकाच्या कडेनं खा." त्यांनी पावावरचा कागद पुन्हा दुमडला. मग आवाज उतरला. "तो कॅमेऱ्याचा डोळा मी उपटून टाकला दारावरचा. भाच्यानं बसवला होता, पार्सलं चोरीला जातात म्हणून. पोलिसांनी फोनवर विचारलं, चित्र द्यायचं का. मला वाटलं जाहिरात आहे. बोट ठेवलं की जाते, असं तोच म्हणाला होता मेला."

"पुरे आता."

"पुरे कसं? तुमच्या दाराकडे बघत होता तो डोळा रात्रंदिवस. आणि मला वाटायचं तो माझं दार राखतोय."

थॅडियसने त्यांच्या हातावर हात ठेवला. बाई खोटे बोलत नव्हत्या आणि त्यांचा दोष होता असेही नव्हते. चार गल्ल्यांपलीकडे औषधाच्या दुकानाची काच कोणीतरी फोडली होती. फोडणाऱ्याच्या अंगात राखाडी टोपीचे जाकीट होते. आणि एर्लीनबाईंच्या दारावरच्या काचेच्या डोळ्यात एमरी गेदर, वय चाळीस, फरशी बसवण्याचे काम करणारा, राखाडी टोपीच्या जाकिटात, हातात पिशवी घेऊन स्वतःच्या बापाच्या घराच्या पांढऱ्या पायऱ्या चढत होता. पिशवीत मासे होते. निम्म्या शहराच्या अंगात तसले जाकीट असेल. काच कोणी फोडली हे पुढे कळले. तो भलताच कोणी निघाला, दुसऱ्याच वस्तीतला, आणि त्याची बातमीही कोणी दिली नाही. पण तोवर गेदरांच्या घरात शोधता शोधता दुसरेच काही सापडले होते, आणि सरकारला तेवढे पुरेसे होते.

एमरीची वकील, डेलिया वोझनियाक, कागदांचे ढीग छातीशी धरून जिन्यावरून आली. सरकारने फुकट दिलेली ही कृश, झोप न झालेली मुलगी थॅडियसला आवडत असे. तिच्या कोटाला नेहमी कोणत्या तरी मांजराचे केस असत.

"मिस्टर गेदर. काय म्हणायचं?"

"खरं."

"खरं, आणि थोडक्यात. विचारलं तेवढंच. कारखान्याविषयी चकार शब्द नाही, हे लक्षात आहे ना?"

"विचारलं तर?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "तर मग खरं," ती नाइलाजाने म्हणाली.

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी त्याने पायऱ्या धुतल्या होत्या. या गल्लीतल्या घरांना अंगण नसते. भिंतीला भिंत लागून घरे उभी, आणि प्रत्येक दारापुढे संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या थेट पदपथावर उतरलेल्या. त्या पायऱ्या हेच अंगण, तीच ओसरी आणि तीच अब्रू. ओडेसा गुडघे टेकून, झाव्याच्या दगडाने त्या घाशी. ती गेल्यावर खुब्यातल्या लोखंडासह थॅडियस घाशीत आला. दगड ओला असताना त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही हा गल्लीचा नियम होता, आणि पोर असो, पाद्री असो, विमा विकणारा असो, ओल्या पायरीशी आलेल्याला घरातून एकच सांगणे असे: पायरी ओली आहे, व्हा पुढे. म्हणजे, आपल्या वाटेने जा. पुढचे दार बघा. त्या दिवशी तो ब्रश हातात घेऊन उघड्या दारात उभा होता, दगडावरून पाणी निथळत होते आणि त्यात आभाळाचा तुकडा पडला होता. एमरीशी सकाळीच खटका उडाला होता, मासे स्वयंपाकघरात नको, मागच्या परसात साफ कर, असे त्याने सांगितले होते, आणि एमरी म्हणाला होता, "बाबा, परसात थंडीनं बोटं गळतील माझी." म्हणून आवाज आधीच तापलेला होता. दोन पोलीस आले. एकाजवळ कुत्रा होता. त्यांतला केसलर नावाचा उंच माणूस म्हणाला, "आत येऊन दोन शब्द बोलू का?" आणि त्याचा बूट ओल्या संगमरवरावर पडला. थॅडियसची नजर त्या बुटावर गेली. तोंडावर नव्हे, बिल्ल्यावर नव्हे, बुटावर. तो म्हणाला, पायरी ओली आहे, चला, व्हा पुढे. आणि ब्रश धरलेला हात त्याने रस्त्याच्या दिशेने झाडला.

त्यानंतरचे त्याला क्रमाने आठवत नसे. आठवत असे ते एकदम, एका तुकड्यात: केसलरचा खांदा त्याच्या छातीत, दाराची कड पाठीत, ब्रशचे लाकूड फरशीवर, आणि त्याच्या मांडीला घासून आत गेलेला कुत्र्याचा गरम, केसाळ देह. गेदरांच्या घरातला बोळ अरुंद होता. दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नसत. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचा उजेड. त्या उजेडात एमरी वळून उभा राहिला, हातात माशांचा चाकू, बोटांवर खवले चमकत होते. "बाबा?" तो म्हणाला. एवढेच म्हणाला. कोणीतरी चाकू, चाकू असे ओरडले, आणि चाकू तर तोवर खाली पडलाही होता, कारण कुत्र्याचे दात एमरीच्या मनगटाच्या वर हाडापर्यंत पोचले होते. तो खाली गेला. टोपली त्याच्यावर उलटली. मासे, रक्त, बर्फाचे पाणी आणि त्यात गुडघ्यांनी घसरणारा दुसरा पोलीस. दंडुका वर जात होता आणि खाली येत होता, वर जात होता आणि खाली येत होता, आणि दर खेपेला दगडी फरशीवर ओला कपडा आपटल्यासारखा आवाज होत होता. हात सोडवा म्हणून एमरी ओरडत होता, आणि हात कुत्र्याच्या तोंडात होता. थॅडियस धावला असता. केसलरने त्याचा दंड मागे पिरगाळून त्याचे तोंड भिंतीला दाबून धरले होते, आणि भिंतीवर, त्याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर, लग्नातली ओडेसा होती, काचेमागे. त्याच्या श्वासाने ती काच धूसर होत होती आणि पुन्हा स्वच्छ होत होती. देह, घर, कागद, चीजवस्तू. उजवा हात पाठीमागे होता, मनगट दुमडलेले; त्याला जाणवले की बोटे आपोआप मिटली आहेत, चारही, आणि चार बोटे मिटली की जे होते त्याला मूठ म्हणतात.

एमरी हाती लागला तरी त्यांचे समाधान झाले नाही. गाद्या उसवल्या गेल्या, पिठाचे डबे पालथे झाले, छताखालच्या फळीवरून ओडेसाच्या टोप्या खाली आल्या. मागच्या खोलीत, जिथे एमरी झोपत असे, ओडेसाचे शिवणयंत्र होते, आणि त्याच्या खणात, रिळांच्या खाली, फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेले तिचे छोटे पिस्तूल. रात्रपाळीच्या दिवसांत ती एकटी असे म्हणून थॅडियसनेच आणून दिलेले, गोळी न उडालेले, आणि तिच्यामागे विसरले गेलेले. विशीत एमरीला शिक्षा झाली होती. तसल्या माणसाच्या खोलीत हत्यार सापडणे हा या राज्यात मोठा गुन्हा. ते माझ्या बायकोचे आहे, थॅडियस भिंतीशी बोलला. "कुठाय बायको?" कोणीतरी विचारले. स्मशानात, तो म्हणाला, आणि कोणीतरी हसले. पुढे एमरी चाकू घेऊन पोलिसांच्या अंगावर धावून गेल्याचा आरोप सरकारने गुपचूप मागे घेतला, कारण छातीवरच्या कॅमेऱ्यात चाकू पडताना दिसत होता. पिस्तूल मात्र राहिले. आता सगळे एका गोष्टीवर येऊन ठेपले होते. पोलीस बोलावल्यावाचून घरात शिरले असतील तर आतली वस्तू न्यायालयाला पाहता येणार नाही, ती सापडलीच नाही असे धरावे लागेल. थॅडियसने त्यांना आत घेतले असेल तर प्रश्नच मिटला.

न्यायदालनात आधी केसलरची साक्ष झाली. गणवेशात तो तरुण दिसत होता आणि सभ्य बोलत होता. थॅडियसला त्याचा राग आणायचा होता, पण राग त्याच्या बुटांपाशीच जाऊन थांबत होता. मग पडद्यावर चित्र आले. कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वीचा क्षणभराचा भाग तो आपोआप राखून ठेवतो, असे केसलरने समजावून सांगितले. चित्र राखतो, आवाज राखत नाही. म्हणून प्रथम मुक्या चित्रात थॅडियसने स्वतःला पाहिले. दारात एक म्हातारा, हातात ब्रश. म्हाताऱ्याचे तोंड हलले. पायरी ओली आहे, असे ते तोंड म्हणत होते, पण त्यातून काही बाहेर पडत नव्हते, पाण्याखालच्या माणसासारखे. मग खट् असा आवाज झाला, जग बोलू लागले आणि म्हातारा म्हणाला, "चला, व्हा पुढे." त्याचा हात डावीकडे झाडला गेला. छातीच्या उंचीवरून, तिरक्या कोनातून घेतलेल्या त्या चित्रात डावी बाजू रस्त्याची की बोळाची, हे सांगता येत नव्हते. पाहुण्याला पुढे घालताना हात असाच होतो.

तो आवाज आपला आहे हे थॅडियसला ओळखू आले नाही. आणि मग ओळखू आले. तो आवाज रस्त्यावरचा नव्हता. तो कारखान्यातल्या चिंचोळ्या वाटेचा होता.

त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावले. वोझनियाकने विचारले ते त्याने सांगितले: शनिवार, ब्रश, ओला दगड, बूट. आत या म्हणालात का? नाही. व्हा पुढे म्हणजे काय? म्हणजे निघा. तुमच्या गल्लीत सगळे असेच म्हणतात? सगळे. ती बसली. सरकारी वकील हॅलोरन उठला. तो स्थूल, मृदू आवाजाचा माणूस होता, आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर हात टेकून बोलण्याची त्याला खोड होती. त्याच्या कफांना साबणाचा वास येत होता.

"मिस्टर गेदर, 'नाही' हा शब्द तुम्हाला येतो ना?"

"येतो."

"'थांबा' येतो?"

"येतो."

"त्या दिवशी दोन्ही विसरलात?"

"लागलेच नाहीत. पायरी ओली आहे म्हटल्यावर माणूस थांबतो. आमच्याकडे थांबतो."

"ते आम्हाला ऐकू आलं नाही. आणि मग तुम्ही बाजूला झालात."

"बाजूला झालो नाही. केला गेलो."

मागे एर्लीनबाईंनी घशात दाद दिली. हॅलोरनने मान डोलावली, जणू त्यालाही ते उत्तर आवडले. "तुमच्या तोंडात हे शब्द अगदी बसलेले दिसतात. गल्लीबाहेर कुठं वापरायचात? नोकरी काय होती?"

थॅडियसने वोझनियाककडे पाहिले. ती टेबलाकडे पाहत होती. खरे, आणि थोडक्यात.

"मांसाच्या कारखान्यात होतो. डुकरं हाकायचो."

"कुठून कुठं?"

कोंडवाड्यातून वर, असे त्याने सांगितले. आणि सांगताना ती वाट त्याच्या पायांखाली आली: दोन्ही बाजूंना फळ्या, एका वेळी एकच जनावर मावेल एवढी रुंदी, चढण, आणि वरच्या टोकाला दिव्यांचा पांढरा उजेड, जिथे हातोडा आणि सुरा वाट पाहत होते. बाजूला वाफ, खाली शेण आणि रक्ताची साय. त्याच्या हाती फळकूट असे, पण फळकुटाची गरज क्वचितच पडे. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होते की गेदरचा आवाज पुरेसा आहे. हो पुढे, तो म्हणे; चढवून नव्हे, दरडावून नव्हे, पोटातून, सपाट; आणि रक्ताच्या वासाने थबकलेले जनावर पाय उचलून त्या उजेडात जाई. आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे त्याने त्या दोन शब्दांनी जिवांना आत घातले होते. एकदाच एक जनावर मागे वळले. त्या अरुंद वाटेत ते कसे वळले हे देव जाणे; त्याच्या डोळ्यांत पांढरे दिसत होते, आणि ते थॅडियसच्या अंगावरून गेले, आणि खुब्याचे हाड आवाज करून तुटले. पडल्या पडल्या त्याला त्या जनावराविषयी राग आला नव्हता. त्याला वाटले होते, याने तरी त्या शब्दांमागचे ऐकले.

"तुम्ही म्हणायचात व्हा पुढे," हॅलोरन म्हणाला, "आणि डुकरं कुठं जायची? मागे की पुढे?"

"पुढे."

"बाहेर की आत?"

दालनात पाठीमागे कोणीतरी खुदकन हसले. शहरात पोलिसांना त्याच प्राण्याच्या नावाने ओळखतात, आणि केसलरचे कान लाल झालेले थॅडियसला दिसले. हॅलोरनला ते हसू आवडले नाही, पण तो हलला नाही.

"आत," थॅडियस म्हणाला.

"म्हणजे जन्मभर तुम्ही हे शब्द 'आत जा' याच अर्थानं उच्चारलेत, आणि ऐकणारे त्याप्रमाणे आत गेले. मग त्या सकाळी दोन पोलिसांनी काय वेगळं करायला हवं होतं?"

थॅडियसच्या तोंडात उत्तराच्या जागी त्या बोळाचा उजेड आला होता, आणि त्या उजेडात चाकू हातात घेऊन वळलेला एमरी. कोणाला हाकले होते मी? बूट ओल्या दगडावर पडला तेव्हा आत मुलावरचा राग होता, बाहेर बुटावरचा राग होता, आणि दोन्ही रागांना मिळून एकच आवाज होता, तो कारखान्याने दिलेला. असा आवाज दारात उभा राहून सोडायचाच नसतो. ओडेसाशी तो या आवाजात कधी बोलला नाही. तिच्याशी तेच शब्द अगदी वेगळे होत. चर्चला निघताना ती टोपी घालून खोळंबे आणि तो बुटाची नाडी बांधीत म्हणे, तू हो पुढे, आलोच मी. रुग्णालयातही, शेवटच्या दुपारी, तिचा हात हातात असताना, त्याला दुसरे काही सुचले नव्हते. तू हो पुढे, ओडेसा. आलोच मी. ती गेली होती. तीही त्याच्या शब्दावर गेली होती. आणि त्याच्या मनात आले, की हा हॅलोरन आहे ना, हा साबणाच्या वासाचा माणूस, याची मान पकडावी आणि कठड्याच्या कडेवर आपटावी, एकदा, दोनदा, दात सुटेपर्यंत, आणि मग याला विचारावे, सांग बाबा, मी 'नाही' म्हणालो का? 'थांबा' म्हणालो का? ते चित्र इतके स्पष्ट होते, की कठड्यावरचे रक्त त्याला दिसले आणि तळहाताला कण्याचे मणके लागले. त्याचा हात मांडीवर होता. बोटे मिटलेली होती.

"मिस्टर गेदर," न्यायाधीश म्हणाल्या. ॲल्ब्रिटनबाई वृद्ध होत्या, त्याच्याच पिढीच्या, चष्मा कपाळावर. "तुम्ही त्या दिवशी जसे म्हणालात, तसे आता म्हणून दाखवाल का? मला ऐकायचे आहे."

"तसं यायचं नाही, बाईसाहेब."

"प्रयत्न करा."

तो उभा राहिला. खुब्यातून कळ गेली. पिंजऱ्याच्या खाली बसलेल्या लघुलेखिकेने बोटे कळांवर ठेवली. समोर, कठड्यावर हात टेकून, हॅलोरन किंचित हसत उभा होता, आणि त्याच्यामागे, शाळेच्या बाकावर जसे मूल बसते तसा ताठ, नारिंगी कपड्यांतला एमरी बसला होता. उजव्या हाताची दोन बोटे वाकत नसल्याने तो हात टेबलावर उलट्या खेकड्यासारखा पडला होता. थॅडियसने त्या हाताकडे पाहिले. मग त्याने हॅलोरनच्या बुटांकडे पाहिले.

"पायरी ओली आहे," तो म्हणाला. "चला. व्हा पुढे."

आणि हॅलोरन एक पाऊल मागे सरला.

ते सर्वांनी पाहिले. त्याचे हात कठड्यावरून सुटले, टाच टेबलाच्या पायाला लागली, आणि तो तिथे एक क्षण उभा राहिला, चेहऱ्यावर काहीच नसलेला, रस्त्यावर उभा असल्यासारखा. एर्लीनबाई अगदी खालच्या स्वरात म्हणाल्या, "हं." वोझनियाक उठली होती; सरकारी वकील मागे सरले याची नोंद व्हावी, असे ती म्हणाली, आणि हॅलोरन म्हणाला, मी केवळ टिपणे घ्यायला वळलो होतो. न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ थॅडियसकडे पाहिले. मग त्यांनी मध्यंतर घेतले, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

"मिस्टर गेदर, तुम्हाला काय म्हणायचे होते ते मला समजले," त्या म्हणाल्या. "या खोलीत ते सर्वांना समजले. पण तुम्हाला काय म्हणायचे होते, हा कायद्याचा प्रश्न नाही. आज मला काय समजले हाही नाही. त्या दारात उभ्या असलेल्या सुज्ञ अधिकाऱ्याला ते आमंत्रण वाटू शकले असते का, एवढाच प्रश्न आहे. आणि वाटू शकले नसते, असे मला म्हणता येत नाही." त्या थांबल्या. "पिस्तूल पुराव्यातून वगळण्याचा अर्ज नामंजूर."

वोझनियाक काहीतरी बोलत होती, वरच्या न्यायालयाविषयी, आणि तिचा आवाज लांबून येत होता, त्या मुक्या चित्रातल्यासारखा. न्यायाधीश उठून गेल्या. लघुलेखिकेने यंत्रावर आच्छादन घातले. हॅलोरन पेटी बंद करीत होता, आणि थॅडियस त्याच्या जवळून गेला तेव्हा त्याने किंचित वाट दिली. पण थॅडियसला आता त्याची मान दिसत नव्हती. ओडेसाचे शेवटचे ताठ बोट दिसत होते, आतल्या आत, हळूहळू खाली येताना. घर. तिने ते सर्वांत शेवटी मिटू दिले असते. कदाचित तिने ते मिटूच दिले नसते. ती म्हणाली असती, पायरी सोड थॅडियस, दार आधी लाव.

दोन शिपाई एमरीला बाजूच्या दाराकडे नेत होते. त्या दारापलीकडे अरुंद वाट होती, पिवळ्या दिव्यांची, एका वेळी एकच माणूस मावेल अशी. उंबऱ्याशी एमरी थांबला आणि मागे वळला. शिपायाने त्याचा दंड धरला, पण ओढला नाही. एमरी बापाकडे पाहत होता, आणि थॅडियसला कळले की तो कशाची वाट पाहतो आहे: शाळेच्या पहिल्या दिवशी, आईच्या मयताच्या दिवशी, विशीतल्या शिक्षेच्या दिवशीही जे ऐकूनच तो गेला होता, त्याची. थॅडियसने तोंड उघडले. शब्द आले होते, दातांशी होते. आणि त्याला ते उच्चारवेनात. या तोंडातून आता हे शब्द कुणावर सोडायचे नाहीत, असे काहीतरी आत घट्ट मिटले. तो नुसता उभा राहिला, हात पुढे केलेला, ब्रश धरावा तसा.

एमरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग दंडुक्याने वाकड्या झालेल्या त्याच्या जबड्यात हसू यावे तसे काही आले.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

यंत्र झाकलेले होते. ते शब्द कोणी टिपून घेतले नाहीत.